डाव्या हाताचा सौदा

परवा चुलतभावाचा मुलगा आला होता. आत्याला आमच्यात भुवा म्हणतात. तर म्हणाला, "भुवा, आपल्या घराण्यावर चार पानं लिहून द्या ना. समाजाच्या अंकात छापतो. जुनं एकत्र कुटुंब, सगळे कसे प्रेमानं राहायचे, असं काहीतरी." मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. प्रेमानं म्हणे! नंदुरबारच्या त्या घरात डझनभर माणसं होती आणि एकाचंही दुसऱ्याच्या बोलण्याकडे लक्ष नसायचं. लक्ष असायचं ते फक्त कोण कुठे चुकतंय याच्यावर. खाली दुकान, वर आम्ही, आणि मागच्या खिडकीतून दिसायची ती पथारी, म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. दिवाळी झाली की तिथे नजर पोचेल तिथपर्यंत लाल. बाहेरगावचे पाहुणे म्हणायचे, वा, काय देखावा! त्या देखाव्याची धूळ आमच्या पिठात, पाण्यात, उशीच्या अभ्र्यात असायची. सगळं घर खोकत उठायचं, खोकत जेवायचं आणि खोकत भांडायचं. भांडायला आमच्याकडे अहिराणी होती. आमचे लोक राजस्थानातून येऊन इतकी वर्षं झाली होती, की मारवाडी फक्त देवापुढे आणि लग्नातल्या गाण्यांत उरली होती. शाळेत मराठी, सुरतेच्या व्यापाऱ्यांशी गुजराती, पण डोकं फिरलं की सगळ्यांच्या तोंडून अहिराणीच निघायची. मला अजूनही राग येतो तो अहिराणीतच येतो.

माझे वडील, बापूजी, मिरचीचे खरेदीदार होते आणि अत्यंत कडू माणूस होते. हे मी आज लिहिते आहे असं नाही, ते असताना तोंडावरही म्हटलं असतं, पण त्यांच्यापुढे तोंड उघडायची हिंमत कुणाची होती? कुणाला शाबासकी दिली, कुणाच्या पाठीवर हात ठेवला, असं एकदाही झालं नाही. मोठ्यानं बोलायचे ते फक्त ओरडायला. बाकी सगळा व्यवहार हातानं. त्या काळी मार्केटात उघडे लिलाव सुरू झाले होते, तरी जुने व्यापारी आपापसात भाव ठरवायचे ते रुमालाखालीच. दोघांनी हातात हात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा, आणि एकमेकांची बोटं दाबत आकडे सांगायचे. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच, पाचाच्या पुढे पंजावर बोटं, आणि दहा म्हणजे पंजावर पंजा. भोवती पन्नास माणसं उभी असोत, भाव दोघांनाच कळायचा. समोरचा आकडा पसंत नसला तर त्याचा हात ढकलायचा आणि आपला आकडा द्यायचा. सौदा पटला तर हात घट्ट धरून हलवायचा. आणि बोलणं मोडायचं असेल तर रुमालच उडवून द्यायचा, की सगळ्या बाजाराला कळावं. बापूजींनी समोरच्याचा पहिला आकडा कधी मानला नाही. हात ढकलायचा म्हणजे ढकलायचाच, आणि मग आपला आकडा नेहमी खालचा. शेतकरी म्हणायचे, शेठचा हात वर चढतच नाही.

ही विद्या मला त्यांनी प्रेमापोटी शिकवली असं कुणी समजू नये. धाकट्या काकांचा, काकासांचा, मुलगा प्रकाश गादीवर बसायला लागला होता आणि त्याला दहापुढचे पंजे गोंधळात टाकायचे. बापूजी मला हाक मारायचे, माझा हात रुमालाखाली घ्यायचे, आकडा दाबायचे आणि विचारायचे, "कितना?" मी बरोबर सांगितलं की प्रकाशला म्हणायचे, "देख, पोरीले समजस, तुले नही समजत." म्हणजे मी त्यांच्या हातातली छडी होते. प्रकाश मला मग जिन्यात चिमटे काढायचा. पण बोटं शिकली ती शिकली. मला त्यातली एक गोष्ट आवडायची, रुमालाखाली कुणी मधे बोलू शकायचं नाही.

बारावी झाली तेव्हा मी म्हटलं, मला कॉलेजात जायचं आहे. बापूजींच्या तोंडी बी.ए. वगैरे शब्द नव्हते. ते इयत्ता मोजत. दुकानातल्या मुनीमजींचा मुलगा बी.ए. झाला तर बापूजी म्हणायचे, "पंधरावी शिकला आणि काय मोठा दिवा लावला?" माझ्या कॉलेजचं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "देखूत." म्हणजे बघू. आमच्या घरात 'देखूत' म्हणजे नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. तरी मी त्या शब्दाला धरून बसले, कारण धरायला दुसरं काहीच नव्हतं. काकासा मात्र उघड म्हणायचे, "पोरीन्या जातले एवढं शिकाडीसन काय करनं शे?" त्यांना शहाद्याच्या सोहनलालजींशी कापसाच्या धंद्यात हात मिळवायचा होता आणि सोहनलालजींना एक लग्नाचा मुलगा होता. आता यात समजायला कठीण काय आहे?

मग एका दुपारी बापूजी जेवत असताना ते झालं. दाल-बट्टीचं जेवण होतं. आई (आम्ही तिला बाई म्हणायचो) तुपाची वाटी घेऊन उभी होती. बापूजींनी मान वर करून तिला काहीतरी सांगितलं, आणि ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. सूर त्यांचाच, खेकसल्यासारखा, पण शब्द नुसते चुरगळलेले. बाईला वाटलं तूप कमी पडलं म्हणून शिव्या देताहेत. तिनं आणखी तूप वाढलं. ते पुन्हा तेच बोलले आणि उजव्या हातातली बट्टी खाली पडली. सुरतेच्या गाडीनं त्यांना तिकडच्या दवाखान्यात नेलं. बरोबर काकासा गेले. डॉक्टरांनी त्यांना नेमकं काय सांगितलं ते आम्हाला कधीच कळलं नाही, कारण डॉक्टर सांगणार आणि काकासा आपल्या सोयीचं तेवढंच घरी आणणार. घरी आणलं ते एवढंच: "भोनं डोकं गयं." भावाचं डोकं गेलं.

बापूजी परत आले ते उजवा हात-पाय लुळा घेऊन आणि एका शब्दावर. तो शब्द म्हणजे 'हां'. पाणी हवं, हां. नको, हां. दुखतंय, हां. सगळ्याला 'हां, हां, हां', आणि म्हणताना स्वतःचीच चीड येऊन डोळे लाल. दोन गोष्टी मात्र तोंडातून साफ निघायच्या. सकाळी बाई नवकार मंत्र म्हणायला लागली की तेही शेवटपर्यंत न अडखळता म्हणायचे. आणि संताप अनावर झाला की एक शिवी, "हरामखोर!", इतकी स्वच्छ की पथारीवरच्या बाया काम थांबवून वर बघायच्या. यावरून घरानं काय अर्थ काढावा? काकी ताटं आपटत म्हणायची, "देवनं नाव लेवाले येस, शिव्या देवाले येतस, मंग पानी मांगाले काय व्हस? ढोंग शे बठ्ठं!" सगळं ढोंग आहे म्हणे. काकासांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते देव आणि शिवी एवढंच आत शिल्लक होतं, बाकी भांडं रिकामं. दोघं नवरा-बायको यावर वाद घालायचे, तेही बापूजींच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून. जसं काही खाटेवर गाठोडं ठेवलं आहे.

पुढे मी मानसशास्त्र शिकले, लोणखेड्याला एका कॉलेजात जन्मभर तेच शिकवलं. पाठ झालेलं बोलणं आणि संतापाचं बोलणं वेगळ्या वाटेनं बाहेर येतं, आणि जे ठरवून, शब्द शोधून बोलायचं असतं त्याचीच वाट बंद पडते, हे वर्गात सांगताना माझा आवाज नेहमी चढायचा. पोरांना वाटायचं, मॅडम आज कुणावर चिडल्या? कुणावर ते मला माहीत होतं. पण त्या वेळी मला यातलं काहीही कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की मागच्या खिडकीखाली व्यापाऱ्यांची गडबड सुरू झाली, भावाचे आवाज आले, की बापूजींच्या डाव्या हाताची बोटं गोधडीवर हलायला लागतात. मिटायची, उघडायची, मिटायची. काकी म्हणाली, झटके येताहेत. मी जवळ जाऊन बघितलं. खाली मुनीमजी ओरडून भाव सांगत होते आणि गोधडीवर तोच भाव चालला होता. फक्त दोन आकडे खालचा.

मी त्यांचा सौद्याचा, मरून रंगाच्या चौकड्यांचा रुमाल शोधून काढला, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि वर टाकला. बापूजी माझ्याकडे असे बघायला लागले, की आता शिवी येते. मी विचारलं, "माझी इयत्ता कितवी झाली?" पंजा, पंजा, दोन बोटं. बारावी. "प्रकाशला किती बहिणी?" तीन बोटं. मग मी मुद्दाम म्हटलं, "म्हणजे चार ना?" त्यांनी माझा हात असा ढकलला की मनगट दुखलं. मला हसू फुटलं आणि रडूही. त्या कपाळावरच्या आठ्यांच्या मागे आमचा सगळा बाप जागचा जागी बसलेला होता, तसाच खडूस, तसाच हिशेबी, आणि बाहेर डझनभर माणसं त्याच्या नावानं निर्णय घेत सुटली होती. मी धावत जाऊन काकासांना सांगितलं. ते पान लावत होते. म्हणाले, "डावा हात हलस, डोकं नही. उगी बठ." बाईला सांगितलं तर तिनं तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "हळू बोल, तुझी काकी ऐकेल." मला तिचा जास्त राग आला.

सोहनलालजींकडची मंडळी आली ती एका रविवारी दुपारी. कचोऱ्या तळल्या होत्या, मुगाचा शिरा होता, आणि मला गुलाबी साडीत गुंडाळून बसवलं होतं. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, त्या बिचाऱ्यानं माझं काही वाकडं केलं नाही. बापूजींना धुतलेला सदरा घालून, उशांना टेकवून बैठकीत आणून ठेवलं होतं, कारण समाजाची चार मोठी माणसं आली होती आणि बाप जिवंत असताना बापाचा होकार लागतो. काकासांनी तेही नीट जुळवलं होतं. सगळ्यांसमोर ते बापूजींकडे वाकले आणि मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "भो, पोरीनं नक्की करूत ना?"

"हां," बापूजी म्हणाले. "हां, हां, हां." डोळे लाल, मान झटकली जातेय, डावा हात मांडीवर आपटतोय. तोंडातून मात्र 'हां'.

"बधाई!" काकासा म्हणाले. एकानं नारळ पुढे केला. काकीनं शिऱ्याचं ताट उचललं. माझं आयुष्य त्या एका अक्षरावर निकालात निघालं होतं आणि लोक कचोरीकडे हात करत होते. मला कसं सुचलं माहीत नाही. मी उठले, तो चौकड्यांचा रुमाल माझ्या कमरेलाच खोचलेला होता, तो काढून बापूजींच्या डाव्या हातावर टाकला आणि म्हटलं, "काकासा, आता विचारा."

कचोरीकडे गेलेले हात मागे आले. तिथे बसलेला प्रत्येक पुरुष व्यापारी होता. मी काय केलं ते कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. काकासा आधी हसले. मग म्हणाले, "डावा हात शे तो. डावा हातना सौदा कोन मानस?" आणि खरंच, डाव्या हाताचा सौदा बाजारात धरत नसत, ते अशुभ. एक म्हातारे गृहस्थ मान डोलवायलाही लागले. मी म्हटलं, "उजवा तुम्हीच आणून द्या मग." हे वाक्य मी बोलले यावर माझा अजून विश्वास बसत नाही. बाई कोपऱ्यातून "अगं ए!" म्हणाली.

काकासांना माघार घेता येईना. ते बसले, रुमालाखाली हात घातला आणि दुसऱ्या हातानं रुमाल वरून दाबून धरला. घट्ट. मला रुमालाखालची धडपड दिसत होती, कापड वर उसळत होतं आणि काकासांचा तळवा ते खाली दाबत होता. मग त्यांनी हात काढला, रुमालाची झटकन घडी केली, खिशात घातली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "पक्कं. हो म्हने."

आणि बापूजींनी छताकडे बघून आरोळी ठोकली, "हरामखोर!"

सोहनलालजी, म्हणजे ज्यांची सून म्हणून मी जाणार होते ते, जाड, घामेजलेले, एक पाय दुखरा असलेले गृहस्थ होते. ते काही माझा कैवार घ्यायला उठले नाहीत, हे आधीच सांगते. ते चिडले होते. त्यांना वाटलं आपल्याला कुणीतरी बनवतंय. खांद्यावरचं स्वतःचं उपरणं काढून ते बापूजींजवळ बसले, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि उपरणं वर टाकलं. दाबून धरलं नाही. "शेठ," ते म्हणाले, "मी विचारतो. पक्कं?"

उपरणं उडालं ते थेट शिऱ्याच्या ताटात जाऊन पडलं.

सोहनलालजींनी ते उचललं, तूप झटकलं आणि काकासांना म्हणाले, "तोंडाचं मला माहीत नाही. सौदा मोडला. आणि पुन्हा मला असं बोलावू नका." मंडळी न जेवता उठली. जिन्यावरच्या चपला शांत झाल्या तसे काकासा माझ्या अंगावर धावून आले, पण मधे बापूजींचा डावा हात आला. मारायला की वाचवायला, कोण जाणे. त्या हातात काकासांचा सदरा सापडला आणि त्यांनी तो सोडला नाही. खिसा फाटला, घडी केलेला रुमाल खाली पडला. काकी म्हणाली, घराची अब्रू गेली. बाई म्हणाली, "आता कचोऱ्यांचं काय करायचं?" आम्ही त्या कचोऱ्या तीन दिवस खाल्ल्या, एकमेकांशी न बोलता.

त्या दिवसांत मला एकाच विचारानं पोखरलं. बापूजींनी सौदा मोडला तो कशासाठी? माझ्यासाठी? त्यांनी माझ्यासाठी आजवर काय केलं होतं? सोहनलालजी पूर्वी मिरचीतही होते आणि ओल्या मालाच्या एका व्यवहारावरून दोघांत जुनं वाकडं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोहनलालजींनी मिरचीवर पाणी मारून वजन वाढवलं असं बापूजींचं म्हणणं. तेव्हा मी काय समजायचं? की मला वाचवलं ते मिरचीनं? प्रकाश जिन्यात मला म्हणालाही, "तुन्हासाठे नही व्हयनं ते. बापूजीनं जुनं भांडण शे." तो मूर्ख होता, पण या बाबतीत मला त्याचं म्हणणं खोडता येईना.

कॉलेजात नाव घालायची मुदत संपत आली होती. काकासांनी बजावून ठेवलं होतं, की मोठ्या भावाच्या 'देखूत'वर ते एक पाऊल टाकणार नाहीत. सकाळची वेळ होती, बाई देवपूजेत होती, खाली मिरची ओतायचा आवाज येत होता. मी रुमाल घेऊन खाटेवर बसले. माझ्या मनात प्रेम वगैरे काही नव्हतं, मी भांडायला गेले होते. त्यांचा हात घेतला आणि म्हटलं, "तुम्ही आयुष्यभर 'देखूत' म्हणालात. आज आकडा द्या. कितवीपर्यंत शिकू?" मग मीच बोली लावली. पंजा, पंजा, पंजा. पंधरावी.

त्यांनी माझा हात ढकलला.

मी रुमालाकडे बघत बसले. तो आता उडणार, आणि उडाला की संपलं. मला त्यांचा इतका राग आला, इतका, की वाटलं आपणच तो ओढून त्यांच्या तोंडावर फेकावा. शेठचा हात वर चढत नाही, हे मला लहानपणापासून पाठ होतं. पहिला आकडा मानायचा नाही, मग खालचा द्यायचा. तेरावी म्हणतील. नाही तर बारावीच.

रुमाल जागेवरच राहिला. खालून त्यांचा हात चाचपडत आला आणि त्यानं माझी बोटं धरली. पंजा. थांबले, दम घेतला. पंजा. मी मोजत होते आणि माझा मोजण्यावर विश्वास नव्हता. पुन्हा पंजा. मला वाटलं झालं, माझाच आकडा परत दिला. पण हात सुटला नाही. त्यांनी माझं एक बोट दाबलं, आणि मग शेजारचं दुसरं.

सतरा.

"सतरावी?" मी म्हटलं. "म्हणजे एम.ए.?"

त्यांनी माझा अख्खा हात घट्ट धरला आणि हलवला, बाजारात हलवतात तसा, खांद्यापर्यंत. कपाळावरच्या आठ्या तशाच होत्या.

"हां," बापूजी म्हणाले.